मानेची तपासणी

फोन माझा होता, पण उचलला सासूबाईंनी.

बटाटे काढायचे दिवस होते. आम्ही सगळे सरोवराच्या अंगाला असलेल्या वावरात होतो, आणि फोन मातीत पडायला नको म्हणून मी तो खिडकीत ठेवून गेले होते. घरी सासूबाई एकट्याच. आम्ही त्यांना आपा म्हणतो, सरोवराकाठचं आमचं सगळं कोक-बेल गाव म्हणतं. ऐंशीला टेकल्यात. डावा कान पार गेलेला, आणि उजवा त्यांच्या मर्जीनुसार चालतो.

संध्याकाळी हातपाय धुऊन आम्ही जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानाभोवती बसलो. आपांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि जाहीर केलं, "दवाखान्यातून गुलबार्चिनचा फोन होता. गुरुवारी सुनेला बोलावलंय."

"कुठल्या सुनेला?" मी विचारलं.

"सुनेला म्हणाली. मला काय दहा सुना आहेत?"

"दोन आहेत, आपा."

"मग दोघींतली एक."

दोघींतली धाकटी मी, पेरिझात. थोरल्या कालिपाएजे, माझ्या जाऊबाई. एजे म्हणजे थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना तसंच म्हणते. फोन माझा, म्हणजे निरोप माझा, असं कुणीही म्हणेल. पण कालिपाएजेंचा फोन एका उकाड्याच्या दिवशी धारा काढताना दुधाच्या बादलीत पडला होता. तेव्हापासून त्यांचे सगळे फोन माझ्याच फोनवर येत. त्यामुळे खरंच काही कळेना.

"पण कशाला बोलावलंय?" थोरल्या दिरांनी, एस्तेबेसनी विचारलं.

"मान तपासायला," आपा म्हणाल्या. "कित्येक वर्षांत मान दाखवली नाही म्हणे. आता उशीर करू नका म्हणाली. फार गोड बोलते हो पोरगी."

हे ऐकताच कालिपाएजेंचा चेहरा खुलला. गेल्या थंडीपासून त्यांची मान धरली होती. लोकर कुटून, तिचे जाड नमदे लाटून, बादल्या वाहून दुसरं काय होणार? "बघा," त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "दुकानात सहज बोलून गेले मी तिला, की मान वळत नाही गं. लक्षात ठेवलं तिनं. तुम्ही एवढी वर्षं शेजारी झोपता, एकदा तरी विचारलंत?"

एस्तेबेस पावाचा तुकडा जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवून बसले, तो बुडालेलाच राहिला.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. माझी मुलगी झाली तेव्हा गुलबार्चिननं मला एक बायकांची तपासणी दर काही वर्षांनी करायला सांगितली होती. मुलगी आता शाळेत जाते. मी एकदाही गेले नव्हते. पण त्या तपासणीचा आणि मानेचा काय संबंध? मी स्वतःची समजूत घातली आणि सोबतीला म्हणून कालिपाएजेंबरोबर निघाले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक शेगडी. गुलबार्चिन आमच्या गावची नर्स, बाळंतपणंही तीच करते. आम्हाला दोघींना बघून ती जागची उठलीच. "अरे वा! दोघी? मी तर एकीचीही आशा सोडली होती. बसा, एजे. किती वर्षांनी!"

"अगं, यायचं यायचं म्हणत राहिलं," कालिपाएजे रुमाल सोडत म्हणाल्या. "पण आता सहन होत नाही. फार दुखतंय."

गुलबार्चिनचं हसू मावळलं. "दुखतंय? कधीपासून?"

"थंडीपासून."

"रक्त जातं का?"

"मानेतून?"

"मधेच, पाळी नसताना?"

"पाळी जाऊन दोन वर्षं झाली. पाळीचा नि मानेचा काय संबंध गं?"

"संबंध नाही कसा? संध्याकाळी वाढतं की संबंधाच्या वेळी?"

"उशी उंच असली की वाढतं," कालिपाएजे म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, "ही काय विचारतेय?"

गुलबार्चिन क्षणभर त्यांच्या उघड्या गळ्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. "अहो एजे, ही मान नव्हे! गर्भपिशवीची मान!"

आमच्या बोलीत गर्भपिशवीच्या तोंडाला तिची मान म्हणतात. आपांच्या कानानं पिशवी गाळली होती आणि मान तेवढी ठेवली होती.

मी हसले, गुलबार्चिन हसली. कालिपाएजे हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल पुन्हा बांधायला घेतला. "म्हणजे मला बोलावलं नव्हतं?"

"फोन पेरिझातसाठी होता," गुलबार्चिन म्हणाली. "तिची तपासणी कधीची राहिलीये."

"आणि माझी?"

"तुमची तर कधी झालीच नाही."

"मग मला का नाही बोलावलं? मी म्हातारी झाले म्हणून? की माझ्याकडे फोन नाही म्हणून मी बाई नाही?"

मला वाटलं होतं त्या लाजून पळून जातील. त्या रागावल्या होत्या, आणि तेही न बोलावल्याबद्दल! गुलबार्चिनही गोंधळली. "बोलावलं की. दोनदा निरोप दिला एस्तेबेसदादांकडे. ते म्हणाले, सांगतो."

कालिपाएजेंचे हात गाठीवर थांबले. "मला नाही सांगितलं."

शेगडीतलं लाकूड तडतडलं.

मग गुलबार्चिननं खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात समजावलं. त्या जागी कॅन्सर होतो. पण तो एका रात्रीत होत नाही, आधी कित्येक वर्षं त्याची तयारी चालते. तयारी चालू असताना काही दुखत नाही, काही दिसत नाही; पण तिथलं थोडं पुसून घेऊन भिंगाखाली पाहिलं तर कळतं. म्हणून काही होत नसतानाच बघायचं.

"काही होत नसताना कशाला बघायचं?" कालिपाएजेंनी विचारलं.

"तेव्हाच बघायचं असतं, एजे. म्हणूनच तर मला इतके फोन करावे लागतात. दुखत असतं तर तुम्ही आपणहून आला असता."

"मी लोकरीचे दोन पायजमे घातलेत."

"काढू की."

"आंघोळ काल केली होती, आज नाही."

"मी घोड्याच्या तबेल्यातही बाळंतपण केलंय."

कालिपाएजे उठल्या, पडद्याकडे गेल्या, परत आल्या. "मानेला काही देशील ना? वरच्या?"

"मलम देते. पण आधी खालची."

त्या आत गेल्या. मग मी. फार वेळ लागला नाही, दुखलंही नाही. नुसतं थंड आणि अवघडल्यासारखं. परतताना रस्त्यात कालिपाएजे म्हणाल्या, "दाखवायला काय गेले आणि दाखवून काय आले!" तेव्हा कुठे त्या हसल्या. वाड्यांच्या कडेची पोपलरची झाडं पिवळी झाली होती आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. निरोपाबद्दल त्यांनी घरी कुणाला काही विचारलं नाही.

सफरचंदं उतरवून झाली, सरोवरावरून बोचरं वारं सुटलं, तेव्हा एका सकाळी गुलबार्चिन स्वतः घरी आली. चहाला बसली नाही. सरळ गोठ्यात गेली, जिथे आम्ही दोघी होतो.

"पेरिझात, तुझं सगळं ठीक," ती म्हणाली. "एजे, तुमचं एकदा शहरात दाखवावं लागेल."

कालिपाएजेंनी धार थांबवली नाही. "कॅन्सर आहे?"

"नाही."

"मग ठीक आहे."

"ठीकही नाही. पेशी बदलल्यात. अजून कॅन्सर नाही, पण सोडून दिलं तर होऊ शकतो."

"म्हणजे मी आजारी आहे?"

"नाही."

"मग हॉस्पिटलात कशाला जाऊ?"

"आजारी पडू नये म्हणून."

कालिपाएजेंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कळतंय का ही काय म्हणते ते?"

मला कळत होतं, आणि तरी नव्हतं. फोन माझ्यासाठी आला होता. मी ठीक होते. त्या माझ्या फोनवर, चुकून, दुखऱ्या मानेसाठी गेल्या होत्या, आणि त्यांच्यात सापडलं होतं. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याची लाज वाटली. सॉरी म्हणावं, तर कशाबद्दल? बरं झालं म्हणावं, तर तेही तोंडातून निघेना. मी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

घरात तर आणखीच गोंधळ. आपांना चारदा समजावलं. "रोग आहे?" "नाही, आपा." "मग बरी आहे?" "तसंही नाही." शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "आमच्या वेळी माणूस उचलून न्यावा लागला तरच हॉस्पिटल. आता चालत्याबोलत्या बाया चालत जातात!" आणि तरी त्यांनी कढईत तेल तापवलं, कणकेचे बोरसोक तळले, गेलेल्या माणसांना त्याचा वास पोचावा म्हणून, आणि कालिपासाठी दुवा मागितली. कशापासून वाचव म्हणून मागायचं ते त्यांना नीटसं सुचलं नसावं, कारण दुवा मधेच थांबली आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवले.

शहरात मीच गेले बरोबर. डॉक्टर मीरगुल म्हणून बाई होत्या, बारीक, चष्मेवाल्या. त्यांनी मोठ्या भिंगातून पाहिलं, एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं की बदल बराच पुढे गेलाय, पण अजून जागच्या जागी आहे. तारेच्या गरम कडीनं तेवढा भाग काढून टाकू, भूल त्या जागेपुरती, त्याच दिवशी घरी.

"हे येतं कुठून?" कालिपाएजेंनी विचारलं. "मी कधी सिगारेट ओढली नाही. दारू नाही."

"एका विषाणूमुळे. तो स्त्री-पुरुषाच्या संबंधातून येतो."

कालिपाएजे ताठ झाल्या. "माझ्या आयुष्यात एकच पुरुष."

"मी ते विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा विषाणू जवळजवळ सगळ्यांना कधी ना कधी होतो. बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा राहतो, वर्षानुवर्षं गप्प पडून."

"म्हणजे त्यांच्याकडून आला."

"आला असेल. तुमच्या लग्नाआधीचा असेल, नंतरचा असेल. कधीचा ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही, त्यांनाही नाही. तुम्ही ते शोधत बसू नका. आपण काढून टाकू."

परतीच्या मिनीबसमध्ये कालिपाएजे खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर सरोवर राखाडी. मग एकदम म्हणाल्या, "काढून टाकू म्हणतात. ते काढतील गं. पण जे डोक्यात घातलं, ते कोण काढणार?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, लग्नाआधीचंही असू शकतं."

"लग्नाआधी ते एकोणीस वर्षांचे होते. मेंढ्यांमागे असायचे." थोड्या वेळानं, "त्यांनी निरोप का दिला नसेल?"

माझं मन तेव्हा मॉस्कोला गेलं होतं. माझा नवरा तालांत तिथे इमारतींवर काम करतो, दोन वर्षांतून एकदा येतो. माझी तपासणी ठीक आली होती, आणि त्याचा अर्थ तालांत ठीक आहे असा होतो का, हे मला डॉक्टरांना विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या रविवारी त्याचा फोन आला, चेहरा दिसत होता, मागे त्याचे सोबती खिम्याची मंटी उकडत होते. "काय गं, अशी काय बघतेस?" तो म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही. दाढी वाढलीये." काय विचारायचं असतं अशा वेळी?

कालिपाएजेंनी मात्र विचारलं. एस्तेबेस अंगणात जर्दाळूचं वाळकं खोड फोडत होते, मी ढलप्या गोळा करत होते. मी उठून जायला लागले तर त्या म्हणाल्या, "थांब तू. तुझ्यापासून काय लपलंय आता." मग नवऱ्याला, "गुलबार्चिननं तुमच्याकडे निरोप दिला होता?"

"दिला असेल."

"दिला होता की नव्हता?"

एस्तेबेसनी कुऱ्हाड खोडात रुतवून ठेवली. "दोनदा. एकदा पेट्रोल पंपावर, चार माणसांत. म्हणे बायकोला त्या तपासणीला पाठवा. मी खाली बघून निघून आलो."

"आणि मला?"

"विसरलो."

"दोन्ही वेळा?"

"लाज वाटली, कालिपा."

"कशाची लाज?"

"ते कसं सांगू? बायकांच्या गोष्टी... तोंडातून निघेना."

"मेंढी व्यायला लागली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालता, तेव्हा लाज नाही वाटत?"

कालिपाएजे एक पाऊल पुढे गेल्या. "कोचकोरला ट्रक घेऊन जायचात तुम्ही, रात्री तिथेच मुक्काम करायचात. ते दोन हिवाळे."

"हो."

"हो म्हणजे काय?"

"जायचो, म्हणून हो."

"एस्तेबेस!" त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत.

दिरांनी टोपी काढली, परत घातली. मोठा धिप्पाड माणूस, पण शिक्षकापुढे उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. "माझ्यामुळे झालं असलं, तर काय म्हणशील ते मी..."

"असलं तर? तुम्हाला ठाऊक नाही?"

"तूच म्हणालीस ना, डॉक्टरीणबाईंनाही कळत नाही म्हणून? मग मला कसं कळणार?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ती कबुली होती, की भोळेपणा, की पळवाट? आजही मला सांगता येणार नाही. कालिपाएजेंनाही नसावं आलं. त्यांनी वाकून माझ्या हातातल्या ढलप्यांचा भारा घेतला आणि आत गेल्या.

ते काढून टाकायच्या दिवशी बर्फ पडत होतं. मिनीबस नव्हती. एस्तेबेसनीच ट्रक काढला. आम्ही तिघं पुढे बसलो, मी मधे. संपूर्ण वाटेत ते एकदाच बोलले, "पाय गारठलेत का?" आणि कोणाला विचारलं ते कळलं नाही म्हणून आम्ही दोघी एकदम म्हणालो, "नाही."

हॉस्पिटलच्या आत ते आले नाहीत. दाराबाहेर बर्फात उभे राहिले. मी दोनदा बाहेर डोकावले, दोन्ही वेळा ते तिथेच, टोपीवर पांढरा थर. कालिपाएजे बाहेर आल्या त्या स्वतःच्या पायांनी, जरा फिकट.

"दुखलं?" मी विचारलं.

"नाही. जळल्याचा वास आला. केसतोडा डागतात ना, तसा." मग त्यांना रडू आलं. दुखलं नव्हतं तरी आलं. "मला तर काही होतच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "एक दिवससुद्धा काही होत नव्हतं."

दार उघडलं तर एस्तेबेसनी अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढून हातात धरला होता, त्यांच्या खांद्यावर घालायला. कालिपाएजे थांबल्या. घातला त्यांनी तो. पण नवऱ्याच्या हातून नाही. कोट घेतला आणि स्वतःच घातला.

वसंतात, वाटा मोकळ्या झाल्यावर, डॉक्टर मीरगुलनी पुन्हा तपासलं. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, नवं काही नव्हतं. "उत्तम," त्या म्हणाल्या. "आता ठरल्या वेळी येत राहायचं, बस्स."

घरी सांगितलं तर कुणाला कसं वागावं कळेना. एस्तेबेस म्हणाले, "मेंढी कापूया का?" आपांनी विचारलं, "कशाबद्दल? रोग नव्हता म्हणता, मग बरी कशी झाली?" "संकट टळलं, आपा," मी म्हटलं. "दिसलं नाही कुणाला," आपा म्हणाल्या, पण मग कालिपाएजेंचा हात हातात घेऊन तो बराच वेळ थोपटत राहिल्या. शेवटी मेंढी कापली नाहीच. घरातलंच मांस परतून कुउरदाक झाला, सगळे जेवले, आणि कालिपाएजे सगळ्यांना चहा ओतायला समोवारापाशी बसल्या.

आमच्याकडे चहा अर्धी वाटीच ओततात. माणसाला पुन्हा पुन्हा वाटी पुढे करता यावी, आपण पुन्हा पुन्हा ओतावा, त्यात मान असतो. काठोकाठ भरून दिली, तर त्याचा अर्थ एकच, पी आणि निघ. कालिपाएजेंनी आपांना अर्धी दिली, मला अर्धी दिली. मग एस्तेबेसची वाटी घेतली आणि भरली, भरत गेल्या, चहा काठाशी येऊन थरथरायला लागला तेव्हा थांबल्या. लक्ष नव्हतं त्यांचं? की होतं?

एस्तेबेसनी वाटीकडे पाहिलं. दोन्ही हातांनी उचलली, बोटं भाजत असणार, आणि एक थेंब न सांडता सावकाश सगळी प्यायले. घर इतकं शांत की घोट ऐकू येत होते. मग त्यांनी रिकामी वाटी परत पुढे केली.

कालिपाएजेंनी ती घेतली. समोवाराची तोटी फिरवल्याचा आवाज आला. किती ओतला ते मला दिसलं नाही. मधे आपांची पाठ होती.